आधी कागद, मग टोपी

इंग्लंडमध्ये मास्टर्स करणाऱ्या भाचीला लेस्टरच्या आत्याचे कानमंत्र

बाळा,

पदवीदानाच्या दिवशी तू स्टेजवर असशील ती जेमतेम दहा सेकंद. नाव पुकारतील, तू चालत जाशील, कुलगुरू हात मिळवतील, की पलीकडच्या पायऱ्या उतरायच्या. तेवढ्यासाठी सांगलीहून दादा-वहिनी येणार, आणि तयारी चार महिने आधीपासून करावी लागणार. आमच्या घरी दर हिवाळ्यात कुणा ना कुणाचे आईवडील या कारणासाठी उतरतात. त्यामुळे पोरं कुठे अडतात ते आता मला पाठ झालंय. बहुतेकजण साडीपासून सुरुवात करतात आणि व्हिसाला शेवटी हात घालतात. तू उलट कर. आधी तारखा, मग कागद, मग माणसं, आणि सगळ्यांत शेवटी कपडे.

तारखा एका पानावर लिही

सप्टेंबरात सुरू झालेलं एक वर्षाचं मास्टर्स पुढच्या सप्टेंबरात संपतं, निकाल नोव्हेंबरच्या आसपास लागतो आणि समारंभ डिसेंबर-जानेवारीत होतो. काही विद्यापीठं थेट पुढच्या जुलैत ठेवतात. बारा महिने किंवा त्याहून मोठ्या अभ्यासक्रमाला स्टुडंट व्हिसा अभ्यासक्रम संपल्यावर चार महिने चालतो. म्हणजे तुझा व्हिसा जानेवारीच्या अखेरीस संपणार आणि समारंभ त्याच महिन्यात. या दोन तारखा शेजारी शेजारी लिही आणि मधलं अंतर बघ. समारंभ आहे म्हणून व्हिसा एक दिवससुद्धा वाढत नाही.

इथे राहून नोकरी शोधायची असेल तर ग्रॅज्युएट व्हिसासाठी समारंभाची वाट बघू नकोस. त्याला टोपी लागत नाही आणि प्रमाणपत्रही लागत नाही. विद्यापीठाने तुझा अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचं होम ऑफिसला कळवलं की अर्ज करता येतो. तो स्टुडंट व्हिसा जिवंत असतानाच करायचा आणि इथे हजर राहूनच करायचा. 31 डिसेंबर 2026 पर्यंत अर्ज करणाऱ्याला दोन वर्षं मिळतात. 1 जानेवारी 2027 पासून मास्टर्सवाल्यांना अठराच महिने मिळणार. काठावर असशील तर तारीख चुकवू नकोस. आणि अर्जाचा निकाल यायच्या आत भारतात चक्कर मारू नकोस. देशाबाहेर पाऊल टाकलं की अर्ज मागे घेतला असं धरतात. कुणाचं लग्न असो, नाहीतर आजीचं सहस्रचंद्रदर्शन, निकाल येईपर्यंत इथून हलायचं नाही.

समारंभासाठी नोंदणी वेगळी करावी लागते, ती आपोआप होत नाही. ईमेल येतो, त्यात शेवटची तारीख असते, आणि तो ईमेल नेमका तू प्रबंध देऊन झोपा काढत असतेस त्या दिवसांत येतो. पाहुण्यांची तिकिटं साधारण दोन मिळतात, जास्तीची उरली तर सोडतीने. तेव्हा मामा-मामींना आधी शब्द देऊन बसू नकोस. ट्युशन फीचा एखादा हप्ता राहिला असेल तर तोही भरून टाक. फी थकली असेल तर स्टेजवर जाऊ देत नाहीत.

नाव दोनदा तपास: एकदा डोळ्यांनी, एकदा कानांनी

आपल्याकडे दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव पुढे, मग आपलं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर वडिलांचं नाव ‘गिव्हन नेम’मध्ये जाऊन बसतं. विद्यापीठाच्या दप्तरात काय आहे ते आजच पोर्टलवर उघडून बघ, कारण पदवीवर तेच छापलं जाणार. स्पेलिंगमधला एखादा ‘ए’ कमी-जास्त असेल तर छपाईच्या आधी एका ईमेलवर काम होतं. छापून झाल्यावर फी, पुरावे आणि आठवडे लागतात.

दुसरी तपासणी कानांची. तुझं नाव वाचणारा प्राध्यापक आयुष्यात ते पहिल्यांदाच बघत असेल, आणि आपल्या मराठी आडनावांची इंग्रजी अक्षरांत फार पंचाईत होते. काळे दिसतात तसे वाचले की ‘केल’ होतात, म्हणजे इथली एक पालेभाजी. मोऱ्यांचं ‘मोअर’ होतं, मान्यांचं ‘मेन’, साने ‘सेन’ होतात आणि राणे ‘रेन’. ‘ज्ञ’ने सुरू होणारं नाव असेल तर डी आणि एन शेजारी बघून वाचणारा जागीच थबकतो. नोंदणीच्या फॉर्मवर उच्चार लिहायला जागा असते, कुठे कुठे स्वतःच्या आवाजात नाव नोंदवूनही देता येतं. ती जागा रिकामी सोडू नकोस. इंग्रजाला वाचता येईल असं तुकडे पाडून लिही: काळेसाठी आधी के-ए-एच, मग आडवी रेघ, मग एल-ए-वाय. ‘ळ’चा हट्ट सोड, ‘ल’वर समाधान मान. स्टेजच्या कडेला नावाचं कार्ड वाचणाऱ्याच्या हातात देतात. तिथे दोन सेकंद मिळाली तर हसून एकदा नाव उच्चारून दाखव. तीन तास प्रवास करून आलेल्या माणसाला आपल्या पोरीचं नाव ओळखू आलं पाहिजे, आणि दादाचा प्रवास तर याहून पुष्कळ लांबचा.

दादा-वहिनींचा व्हिसा

आपल्या माणसाच्या पदवीदानासाठी समुद्र ओलांडून येणारे दादा-वहिनी पहिले नव्हेत. 11 मार्च 1886 ला फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, तेव्हा पंडिता रमाबाई इंग्लंडहून बोटीने अटलांटिक ओलांडून त्या समारंभाला गेल्या होत्या. रमाबाईंना व्हिसासाठी व्हीएफएसची अपॉइंटमेंट घ्यावी लागली नव्हती, एवढाच काय तो फरक.

दादा-वहिनींना लागतो तो स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो, त्याआधी नाही. बोटांचे ठसे दिल्यावर निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात, आणि दिवाळी-नाताळच्या सुमारास मनात थोडे जास्तच धर. जानेवारीच्या समारंभासाठी ऑक्टोबरच्या मध्याला कागद तयार हवेत. ठसे द्यायला पुण्याला किंवा मुंबईला जावं लागेल, तो दिवस दादाला आधी सांगून ठेव.

कागदांत विद्यापीठाचं पाहुण्यांसाठीचं पत्र घाल. मागितल्याशिवाय ते कुणी पाठवत नाही. सोबत तुझं एक पानाचं साधं पत्र हवं: कोण येणार, कधी येणार, कुठे उतरणार, कधी परत जाणार, खर्च कोण करणार. दादाच्या बाजूने सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं आणि रजा मंजुरीचं पत्र. परत जाण्याचं कारण दाखवायला शेतीचा सातबारा जोडायचा असेल तर जोडा, पण तो मराठीत असतो, तेव्हा सोबत प्रमाणित इंग्रजी भाषांतर हवंच. आणि दादाला बजावून सांग की अर्जाच्या आठवड्यात काकांकडून चार लाख आणून खात्यात भरायचे नाहीत. अधिकाऱ्याला खात्यात अचानक आलेली मोठी रक्कम आधी दिसते आणि ‘हे कुठून आले’ हा प्रश्न पडतो. खात्यात रोज जे असतं तेच दाखवावं, आणि तुझ्या पगारातून किंवा बचतीतून काही देणार असशील तर तसं पत्रात लिहावं.

व्हिसा हातात पडेपर्यंत परतावा न मिळणारं विमानाचं तिकीट काढू नका. ‘आत्ता स्वस्त मिळतंय’ म्हणून दादा ऐकणार नाही, म्हणून हे वहिनीच्या कानावर घाल.

सामान आणि प्रवास

खव्याचे पेढे, तूप, पनीर, चीज, मांस यातलं काहीही भारतातून इथे आणायला बंदी आहे. पेढ्यांचा डबा विमानतळावरच काढून ठेवतात. हे वहिनीला आधी सांग, नाहीतर ती चितळ्यांकडे जाऊन येईल. चिवडा, चकली, भाकरवडी, शेंगदाण्याची चटणी येऊ दे. पेढे इथे बेलग्रेव्ह रोडवर मिळतात, वर्गात वाटायला मी आणून ठेवीन.

दादाच्या साखरेच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. पाहुण्यांना एनएचएसचे उपचार सरसकट फुकट नसतात, म्हणून प्रवास विमा घ्यायचा आणि त्यात मधुमेह लपवायचा नाही. लपवला तर ऐनवेळी विमा कंपनी हात वर करते. वहिनीचे गुडघे दुखतात, तेव्हा तिच्यासाठी निघायच्या निदान दोन दिवस आधी विमान कंपनीकडे व्हीलचेअर मागून ठेव. हीथ्रोवर चालायला पुष्कळ आहे. इमिग्रेशनच्या खिडकीवर तीनच गोष्टी विचारतात: कशाला आलात, किती दिवस, कुठे राहणार. तुझं पत्र आणि समारंभाचं तिकीट छापून हातात ठेवायला सांग. फोनची बॅटरी नेमकी तिथेच संपते.

रेल्वेची स्वस्त ॲडव्हान्स तिकिटं साधारण बारा आठवडे आधी खुली होतात. दादा साठीच्या पुढे आहे, त्याला सीनियर रेलकार्ड काढलं तर तिकिटात एक तृतीयांश सूट मिळते. 25 डिसेंबरला इथे रेल्वे धावतच नाही आणि आगेमागे रुळांची कामं चालतात, म्हणून नाताळच्या आठवड्यात त्यांना उतरवू नकोस. मुक्कामाचं म्हणशील तर विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात पाहुण्यांना फार रात्री राहू देत नाहीत. पदवीदानाच्या आठवड्यात हॉटेलांचे दर चढतात. रद्द करता येईल अशी खोली तारीख कळल्या दिवशीच धर. माझ्याकडे राहायचं असेल तर विचारायचंही कारण नाही, फक्त समारंभाच्या आदल्या रात्री विद्यापीठाच्या गावात असा.

गाऊन, हूड आणि पैठणी

आता कपडे. गाऊन, हूड आणि चौकोनी टोपी भाड्याने मिळते, पन्नास पौंडांच्या आसपास, आणि तीही आधी नोंदवावी लागते. उंची, छाती आणि डोक्याचा घेर विचारतात. डोक्याचा घेर भुवयांच्या बोटभर वर टेप धरून मोजायचा. टोपी सपाट बसते, कपाळावर पुढे, मागे कलती नाही. वर उंच अंबाडा घातलास तर ती बसणारच नाही. केस मानेशी खाली बांध. गजरा मिळाला तर तोही तिथेच.

सगळा घोळ हूडचा असतो. पाठीवर लोंबणारं ते रंगीत अस्तराचं वस्त्र स्वतःच्या वजनाने मागे घसरतं आणि पुढचा पट्टा गळ्याशी येतो. इंग्रज मुलं पुढचा फासा शर्टाच्या बटणात अडकवतात. तुझ्या ब्लाऊजला पुढे वर बटण नसणार. म्हणून ब्लाऊजच्या गळ्याच्या मध्यावर आतून एक भक्कम सेफ्टी पिन लाव आणि फासा तिच्यात अडकव. दोन लहान पिना दोन्ही खांद्यांवर, हूड आणि गाऊन एकत्र पकडणाऱ्या. पिना घरून आण. तिथे टेबलावर ठेवतात, पण तुझा नंबर येईपर्यंत संपलेल्या असतात. तुझ्या वर्गातला तो कोल्हापूरचा मुलगा कुर्ता घालणार असेल तर त्याला सांग, कुर्त्याचं वरून दुसरं बटण याच कामाचं.

पैठणीबद्दल वहिनीला वाईट वाटेल, पण सांगते. पैठणीचा सगळा थाट पदरात, आणि पदर जातो काळ्या गाऊनच्या आत. दिसतात त्या फक्त निऱ्या आणि काठ. शिवाय जड जरीच्या पदराची घडी खांद्यावर, वर गाऊन, वर हूड, म्हणजे डावा खांदा उंच दिसतो. पैठणी नेसायचीच असेल तर गाऊन चढवायच्या आधी तासभर राखून ठेव आणि पदर सोडून फोटो काढून घे. नाहीतर हलकी, सुळसुळीत नसलेली, रुंद काठाची साडी बरी. नारायणपेठ छान बसते. साडी बोटभर वर नेस, कारण स्टेजला पायऱ्या असतात आणि तिथे एका हाताने निऱ्या धरायच्या तर हस्तांदोलनाला उजवा हात मोकळा हवा. निऱ्या धरायच्या त्या डाव्या हाताने. हे घरी जिन्यावर चार वेळा करून बघ, नेमक्या त्याच चपला घालून.

जानेवारीत दुपारी चार-सव्वाचारला अंधारून येतं आणि रस्ता ओला असतो. साडीखाली थर्मलची विजार घाल, बाहेरून काही दिसत नाही. वहिनीलाही आणून दे. कोल्हापुरी चपला पिशवीत. हॉलपर्यंत बूट घालून जा आणि आत जाऊन बदल.

तो दिवस

तू स्टेजवर दहा सेकंद, ते खुर्चीवर दीड-दोन तास. म्हणून दिवस त्यांच्या सोयीने आख. गाऊन घ्यायला तुला दोन तास आधी पोचायचंय, तेवढा वेळ ते थंडीत उभे राहणार नाहीत अशी जागा आदल्या दिवशी जाऊन बघून ये. एखादा कॅफे, नाहीतर विद्यापीठाचं वाचनालय. आत जायच्या आधी दादाने काहीतरी खाल्लेलं असू दे, आणि खिशात राजगिऱ्याची वडी असू दे. पाहुण्यांना साधारण अर्धा तास आधी बसवतात, उशीर झाला तर दार बंद होतं. स्वच्छतागृह आधी. हे त्यांना लाजून कुणी सांगत नाही, तू सांग.

प्राध्यापकांची मिरवणूक राजदंड घेऊन आत येते तेव्हा सगळे उठतात, दादा-वहिनींनीही उठायचं. कोव्हेंट्री, डरॅम, केंटच्या मुलांचे समारंभ चक्क कॅथीड्रलमध्ये होतात, तिथे चप्पल काढायची नसते, नाहीतर वहिनी ती ठेवायची जागा शोधत बसेल. एडिनबरात डोक्यावर एका जुन्या टोपीची टपली मारून पदवी देतात. तुझ्याकडे साधं हस्तांदोलन आहे. टाळ्या वाजवायला, नावाने हाक मारायला कुणाची हरकत नसते. टोपीचा गोंडा एका बाजूकडून दुसरीकडे फिरवणं ही अमेरिकेतली पद्धत, इथे नाही.

दादाला फोन खिशात ठेवायला लाव. विद्यापीठ सगळा समारंभ चित्रित करतं आणि थेट दाखवतं. हिवाळ्यात आपण भारताच्या साडेपाच तास मागे असतो. सकाळी साडेदहाचा समारंभ असेल तर आजीला सांगलीत चार वाजता टीव्हीसमोर बसवायचं. लिंक आदल्या दिवशी शेजारच्या मुलाकडे दे आणि त्याच्याकडून लावून बघ. ऐनवेळी आजीला पासवर्ड विचारू नये.

स्टेजवरचा फोटो छायाचित्रकार काढतोच. विकत घ्यायची सक्ती नसते. स्टुडिओतला एक चौकोनी फोटो दादाला हॉलमध्ये लावायला हवा असेल तर एकच घे, मोठ्ठं पॅकेज नको. बाहेरचे फोटो उजेड असेपर्यंत, म्हणजे तीनच्या आत उरकायचे. तुझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शकांना आधी ईमेल करून विचार, येणार आहात का. दादा-वहिनींना त्यांना भेटव. दादा इंग्रजी बोलताना बिचकतो, पण मास्तरांशी बोलायला त्याला भाषा कमी पडलेली मी पाहिलेली नाही.

जेवायला त्या दिवशी अख्खं गाव बाहेर पडतं. टेबल महिनाभर आधी धर. तो गुरुवार असेल तर दादाचा उपास लक्षात ठेव.

एक दिवस हाताशी असेल तर लंडनला प्रिमरोझ हिलजवळ 10, किंग हेन्रीज रोडला त्यांना घेऊन जा. 1921-22 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने 2015 साली ते घर विकत घेतलं. स्टेजवर फोटो काढलेल्या मुलीने ते घर बघावं आणि आईवडिलांनाही दाखवावं.

जमलंच नाही तर

व्हिसा नाकारला, पैसे नाहीत, नोकरीवर रुजू व्हायचंय, काहीही असू शकतं. समारंभाला गेलं नाही म्हणून पदवी अडत नाही. गैरहजेरीत ती दिली जाते आणि प्रमाणपत्र टपालाने येतं. कोलंबियाने बाबासाहेबांना पीएचडी दिली ती 1927 साली, महाडच्या सत्याग्रहाच्या वर्षी, आणि ते होते भारतात. तेव्हा दहा सेकंदांसाठी कर्ज काढायचं नाही. दादाने सोनं मोडायचा विषय काढला तर मला फोन लाव, मी बोलते.

समारंभानंतरची कामं

हॉलमधून बाहेर पडलीस की प्रमाणपत्राचं दप्तर लावून टाक. मूळ प्रत कधी लॅमिनेट करायची नाही, त्यावर पुढे शिक्के बसायचे असतात. आखाती देशात नोकरी लागली तर पदवीवर अपोस्टील, म्हणजे ती खरी असल्याचा सरकारी शिक्का, लागेल. ते काम इथल्या सरकारच्या कार्यालयातूनच होतं आणि आधी सॉलिसिटर किंवा नोटरीची सही लागते. इथे असताना ते सोपं आहे, सांगलीहून नाही. भारतात परतून पुढे शिकायचं किंवा शिकवायचं असेल तर 2022 च्या जुलैत दोन्ही सरकारांनी परस्परांच्या पदव्या मान्य करण्याचा करार केलाय, त्यात इथलं एक वर्षाचं मास्टर्सही धरलंय. वैद्यकीय, कायदा अशा व्यावसायिक पदव्यांचं गणित वेगळं.

सगळ्यांत दुर्लक्षित काम ईमेलचं. विद्यापीठाचा ईमेल काही महिन्यांत बंद होतो. तुझं व्हिसाचं ऑनलाइन खातं, बँक, घरमालक, सगळीकडे तोच पत्ता दिलेला असणार. तो बंद व्हायच्या आत सगळीकडे स्वतःचा ईमेल टाक, गुणपत्रिका उतरवून घे, शिफारसपत्रासाठी मार्गदर्शकांचा पत्ता लिहून ठेव.

आज दोनच कामं कर. पासपोर्ट काढून पोर्टलवरचं नाव ताडून बघ, आणि दादाला फोन करून त्या दोघांच्या पासपोर्टची मुदत कधी संपते ते विचार. संपत आली असेल तर सांगलीतच नूतनीकरणाला टाकायला सांग. साडीचं आपण रविवारी बोलू.

तुझी आत्या